एकच खोडी, दोन शिक्षा

गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, हप्त्यांचा हिशेब लिहून झाला, की चहा येईपर्यंत गप्पा मुलांच्या शाळेवर येतात. कुणाच्या मुलाला मार बसलेला असतो, कुणाच्या मुलीला वर्गाबाहेर उभं केलेलं असतं. बऱ्याच जणी म्हणतात, "चुकलं असेल काहीतरी." पण शहापूर-मुरबाडच्या वाड्यापाड्यांपासून कल्याण-डोंबिवलीच्या चाळींपर्यंत आम्ही जिथे जिथे बैठकीला बसतो, तिथे एखादी बाई हळूच विचारते, "चूक दोघांची होती. मग शिक्षा माझ्याच पोराला का?" आज आपण या प्रश्नाबद्दल बोलणार आहोत.

समजा, चौथीच्या वर्गात दोन मुलं आहेत. एक गावठाणातला, दुसरा गावाबाहेरच्या कातकरी वाडीतला. मधल्या सुट्टीनंतर दोघंही दहा मिनिटं उशिरा आले. पहिल्याला बाई म्हणाल्या, "काय रे, खेळत बसलास का? बस जागेवर." दुसऱ्याला म्हणाल्या, "तुम्हा लोकांना वेळेचं कळतच नाही. उभा राहा बाहेर." पहिल्याची चूक त्याची एकट्याची होती आणि त्या दिवसापुरती होती. दुसऱ्याची चूक 'तुम्हा लोकांची' झाली. त्या दोन शब्दांत त्याचे आईबाप आले, त्याची वाडी आली.

या बाईंना विचारलं तर त्या मनापासून सांगतील, "मी भेदभाव करत नाही." त्या खोटं बोलतात असंही नाही. इथेच हा विषय अवघड होतो. मुद्दाम केलेला भेदभाव ओळखता येतो. न कळत झालेला भेदभाव करणाऱ्यालाही दिसत नाही.

हे होतं कसं? आपलं मन घाईत असलं, दमलेलं असलं किंवा रागावलेलं असलं, की नव्याने विचार करत नाही. लहानपणापासून ऐकलेलं, पाहिलेलं एक तयार चित्र ते पुढे करतं. कातकरी म्हटलं की एक चित्र, भय्याचा मुलगा म्हटलं की दुसरं, अमक्या वस्तीतला म्हटलं की तिसरं. शिक्षक तर दिवसभर घाईतच असतात. दोनशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसलेल्या असतात. त्यात पोषण आहाराची नोंद, माहिती भरणं, निवडणुकीचं काम. अशा वेळी मागच्या रांगेतून आवाज आला, की नजर आधी कुठे जाते? आणि हात किंवा शब्द कुणावर उठतो?

अमेरिकेत यावर खूप अभ्यास झाला आहे. तिथे जात नाही, पण वर्ण आहे. तिथल्या सरकारने २०१३-१४ या शैक्षणिक वर्षात देशभरातल्या शाळांची माहिती गोळा केली. काही दिवसांसाठी शाळेतून घरी पाठवण्याची शिक्षा गोऱ्या मुलांच्या तुलनेत कृष्णवर्णीय मुलांना ३.८ पट अधिक प्रमाणात होत होती. अगदी बालवाडीच्या वयातही हे प्रमाण ३.६ पट होतं. बालवाडीतलं मूल असा कोणता मोठा गुन्हा करणार?

२०१५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेसन ओकोनोफुआ आणि जेनिफर एबरहार्ट यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. शिक्षकांना एका मुलाच्या दोन लहान खोड्यांची नोंद वाचायला दिली. काहींच्या कागदावर मुलाचं नाव गोऱ्या मुलाचं वाटेल असं होतं, काहींच्या कागदावर कृष्णवर्णीय मुलाचं वाटेल असं. खोड्या त्याच. पहिल्या खोडीला शिक्षकांच्या मतात फारसा फरक पडला नाही. दुसऱ्या खोडीला पडला. नाव कृष्णवर्णीय मुलाचं असेल तर शिक्षकांना जास्त त्रास वाटला आणि जास्त कडक शिक्षा हवी असं वाटलं. 'हा मुलगा असाच आहे' हे त्यांच्या मनात दोनच खोड्यांत पक्कं झालं. दुसऱ्या मुलाच्या बाबतीत त्या दोन सुट्या घटना राहिल्या.

आता आपल्या देशातलं पाहू. रेमा हन्ना आणि ली लिंडन यांनी भारतातल्या एका शहरात शिक्षकांना परीक्षेचे पेपर तपासायला दिले. पहिल्या पानावरची जात त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी कुठल्याही पेपरवर कुठलीही घातली होती. तरीही ज्या पेपरवर खालच्या समजल्या गेलेल्या जातीचं नाव होतं, त्यांना थोडे कमी गुण मिळाले. फरक मोठा नव्हता, पण होता. विशेष म्हणजे तो मुख्यतः त्याच जातींमधून आलेल्या शिक्षकांच्या तपासणीत दिसला. म्हणजे 'शिक्षक आपल्यातलाच आहे, मग काळजी नाही' असं धरून चालता येत नाही. समाजाने दिलेलं चित्र ज्याचं आहे त्याच्याही मनात बसतं.

ते मुलाच्या मनातही बसतं. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. कुणाची जात जाहीर केली नाही, तेव्हा दलित मुलं आणि वरच्या जातींची मुलं सारखीच पुढे होती. सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून दाखवल्यावर दलित मुलांची सुटलेली कोडी कमी झाली. मुलं तीच, कोडी तीच. तर मग वर्गात रोज 'तुम्ही लोक' ऐकणाऱ्या मुलाच्या अभ्यासाचं काय होत असेल, ते आपण समजू शकतो.

आपल्या भागात हे कुठे दिसतं? कातकरी समाज महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक आहे. पावसाळा संपला की यातली कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जातात आणि पुढचा पावसाळा जवळ आला की परततात. मूल शाळेत परत येतं तेव्हा हजेरीत लाल रेघा असतात आणि बाकीचा वर्ग पुढे गेलेला असतो. ते गप्प बसतं, कारण समजत नाही. त्याची घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. शिक्षकाला ते गप्प बसणं उद्धटपणा वाटतो. न येणं म्हणजे दांडी वाटते. गणवेश मळका असला तर आळस वाटतो. या प्रत्येक गोष्टीला कारण आहे, आणि ते विचारल्याशिवाय कळत नाही.

कल्याण-डोंबिवलीत चित्र वेगळं, गोष्ट तीच. तिथे मराठवाड्यातून नाक्यावर कामाला आलेल्यांची मुलं आहेत, उत्तर भारतातून आलेल्यांची आहेत, वस्तीतली दलित आणि मुसलमान मुलं आहेत. आडनाव, बोलण्याची ढब, पत्ता, यावरून शिक्षकाच्या मनात पहिल्याच दिवशी काहीतरी ठरून जातं.

शिक्षा म्हणजे फक्त छडी असं आपण समजतो. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०१२ साली शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात तीन गोष्टी धरल्या आहेत: शारीरिक शिक्षा, मानसिक छळ आणि भेदभाव. टोमणे मारणं, नावं ठेवणं, घरच्या परिस्थितीवरून लाज काढणं हा मानसिक छळ. जातीवरून वेगळं बसवणं, ठरावीक मुलांनाच झाडू मारायला किंवा संडास धुवायला लावणं, 'तुमच्या जातीला शिक्षण जमणार नाही' म्हणणं हा भेदभाव. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्याच्या शाळेतल्या आपल्या अनुभवाबद्दल लिहून ठेवलं आहे. बसायला घरून आणलेलं गोणपाट, तेही बाजूला, आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी. त्या मुलाने कोणतीही खोडी केली नव्हती.

आता उपायाकडे येऊ. पहिला उपाय शिक्षकाच्या स्वतःच्या मनाचा आहे. त्याला सजगता म्हणतात. म्हणजे या क्षणी माझ्या शरीरात आणि मनात काय चाललं आहे, ते लगेच काही न करता पाहणं. आपल्याकडे हे नवीन नाही. कसाऱ्याचा घाट चढला की इगतपुरी लागतं. तिथे सत्यनारायण गोएंका यांनी १९७६ साली सुरू केलेलं विपश्यना केंद्र आहे. विपश्यनेची पहिली पायरी आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास नुसता पाहणं. राज्यातल्या अनेक शाळांमध्ये 'मित्र उपक्रम' या नावाने मुलांना आनापान शिकवलं गेलं आहे. आमचं म्हणणं इतकंच, की डोळे मिटून बसण्याची गरज मुलांइतकीच शिक्षकांनाही आहे.

वर्गात हे कसं करायचं? यासाठी वेगळा तास लागत नाही. राग आला की शरीर आधी सांगतं. दात आवळले जातात, कान गरम होतात, आवाज चढतो. ही खूण ओळखायची आणि तीन श्वास थांबायचं. मग स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. मुलाने नेमकं काय केलं? हेच दुसऱ्या एखाद्या लाडक्या मुलाने केलं असतं, तर मी काय म्हटलं असतं? आणि असं का केलं, हे मी त्याला विचारलं का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'तो उशिरा आला' असं हवं. 'तो बेशिस्त आहे' हे उत्तर आलं, तर समजायचं की मनातलं जुनं चित्र बोलतं आहे.

याचा उपयोग होतो का? अमेरिकेत अ‍ॅडम ल्यूक आणि ब्रायन गिब्सन यांनी महाविद्यालयातल्या तरुणांना दहा मिनिटांचं सजगतेचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. ते ऐकणाऱ्यांच्या मनातली वर्णाबद्दलची आणि वयाबद्दलची आपोआप उठणारी अढी चाचणीत कमी दिसली. पण ती संगणकावरची चाचणी होती. कलकलाट चाललेला वर्ग त्याहून वेगळा.

वर्गाच्या जवळचा पुरावा दुसरा आहे. ओकोनोफुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या पाच शाळांमधल्या गणिताच्या शिक्षकांना वर्षात दोन वेळा मिळून साधारण सत्तर मिनिटं वाचायला आणि लिहायला दिलं. विषय असा, की मुलं का चुकतात, आणि चुकलेल्या मुलाशी नातं न तोडता कसं वागावं. जे शिक्षक या विषयाबद्दल वाचत-लिहीत होते, त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी ४.८ टक्के मुलांना त्या वर्षी शाळेतून घरी पाठवण्याची शिक्षा झाली. बाकीच्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांत हे प्रमाण ९.६ टक्के होतं. म्हणजे निम्मं. हे २०१६ साली प्रसिद्ध झालं.

अशी नजर आपल्याच मातीत त्याच्या कितीतरी आधी होती. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तो भाग आज पालघर जिल्ह्यात असला तरी २०१४ पर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. वारली मुलं शाळेत येत नव्हती. 'यांना शिकायचंच नाही' असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. या दोघींनी कारण शोधलं. मुलं गुरं राखायला जात होती, लहान भावंडं सांभाळत होती. मग त्यांनी अंगणवाडी पाड्यावर नेली आणि गुरं चरतात तिथेच कुरणशाळा भरवली. ज्याला बाकीचे मुलांचा दोष म्हणत होते, तिथे त्यांना मुलांची अडचण दिसली.

पण मैत्रिणींनो, श्वास पाहिला म्हणून जात जात नाही. चांगल्या मनाच्या शिक्षकालाही आपण वर्षभरात कुणाला किती वेळा बाहेर उभं केलं, ते आठवत नाही. म्हणून दुसरा उपाय लागतो, आणि तो आपल्याला चांगला येतो. तो म्हणजे वही.

आपल्या गटाची पंचसूत्री आठवा. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि दप्तर. दप्तर का लिहितो? 'सगळ्यांना सारखं कर्ज मिळतं' असं प्रत्येकीला वाटत असतं. वही उघडली, की कळतं कुणाला तीनदा मिळालं आणि कोण अजून वाट पाहते. शाळेतही तसंच. एक साधी नोंदवही ठेवायची. तारीख, इयत्ता, काय घडलं, शिक्षकांनी काय केलं, मुलाचं म्हणणं विचारलं का, पालकांना कळवलं का. महिन्याच्या शेवटी बेरीज करायची, की कोणत्या वाडीतली किती, मुलगे किती, मुली किती. पटावर वाडीतली मुलं दहात दोन आणि नोंदवहीत दहात सात, असं दिसलं तर वेगळं काही बोलावं लागत नाही. एक पथ्य पाळायचं. सभेत फक्त आकडे वाचायचे, मुलांची नावं वाचायची नाहीत.

ही वही मागायचा अधिकार आपल्याला आहे का? शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम २१ नुसार सरकारी, जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. वंचित आणि दुर्बल घटकातल्या पालकांनाही त्यात प्रमाणशीर जागा हवी. म्हणजे कातकरी वाडीतली आई समितीत असणं ही कुणाची मेहेरबानी नाही. ती बैठकीला येत नाही याचं कारण बहुतेक वेळा मजुरी बुडते हे असतं. बैठकीची वेळ संध्याकाळची ठेवा, असा ठराव गटाने द्यावा.

त्याच कायद्याचं कलम १७ सांगतं, की कोणत्याही मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देता येणार नाही. दिल्यास शिक्षकावर शिस्तभंगाची कारवाई होते. हे खासगी शाळांनाही लागू आहे. वंचित घटकातल्या मुलांशी भेदभाव होऊ नये, ही जबाबदारी कलम ८ आणि ९ ने शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. तक्रार असेल तर कलम ३२ खाली लेखी अर्ज द्यायचा. गावात तो जिल्हा परिषदेकडे गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत, शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे. तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. मूल संकटात असेल तर १०९८ ही मोफत हेल्पलाइन. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलाचा जातीवरून अपमान झाला असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही आहे.

अर्जाच्या आधीच्या पायऱ्याही सांगतो. मूल घरी येऊन काही बोललं, तर आधी ऐकून घ्या. 'तूच काहीतरी केलं असशील' हे वाक्य गिळा. तारीख आणि मुलाचे शब्द त्याच रात्री लिहून ठेवा किंवा लिहिता येणाऱ्या बाईकडून लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी एकटीने जाऊ नका, गटातली एखादी ताई सोबत न्या. बाईंना किंवा सरांना आधी त्यांची बाजू विचारा. मार लागला असेल, अंगावर वळ असेल, तर मात्र थांबू नका. आधी सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या, मग मुख्याध्यापक आणि गरज पडली तर पोलीस.

शिक्षकाशी भांडण हा आपला हेतू नाही. कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, निवडणूक आणि आपत्तीची कामं सोडून शिक्षकांना शिक्षणाबाहेरचं काम देता येत नाही. आपल्या शाळेतले शिक्षक इतर कामांत अडकत असतील, तर त्यांच्या बाजूने ठराव करणं हेही समितीचं काम आहे. दमलेल्या माणसाला तीन श्वास थांबणं जड जातं.

आणि थोडं घराकडेही पाहू. 'त्या वाडीतल्या पोरांबरोबर खेळू नको' हे मुलं शाळेत जायच्या आधी घरी ऐकतात. त्यातलंच एखादं मूल मोठं होऊन शिक्षक होतं.

पुढच्या मासिक बैठकीत तीन कामं करा. आपल्या शाळेच्या समितीत कोण कोण आहे आणि वाडीतली, वस्तीतली आई त्यात आहे का, ते विचारा. समितीच्या पुढच्या सभेत नोंदवहीचा विषय घ्यावा, असा ठराव लिहून अध्यक्ष आणि सचिवांच्या सहीने मुख्याध्यापकांना द्या आणि पोच घ्या. आणि भट्टीवरून परतणाऱ्या मुलांची यादी गटाने आधीच शाळेला द्यावी, म्हणजे ती आली की त्यांना मागचा अभ्यास भरून देण्याची तयारी राहील. तिन्ही कामांना मिळून अर्धा तास पुरतो. ठरावाची प्रत ग्रामसंघाच्या फाइलला लावायला विसरू नका.